सरळ चालणारी

४ फेब्रुवारी

चिमणे,

आधी तुझी खुशाली सांग. डोकं दुखायचं ते थांबलं का, की अजून न जेवता अंधाऱ्या खोलीत सिनेमा कापत बसतेस? ताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, लेकीच्या घरी राहतेस म्हणून तेल चोळून मागायला लाजू नकोस. लेक आहे ती, घरमालकीण नाही. जावईबापूंची पाठ? उंच माणसाला पाठ आणि बुटक्याला मान, दुखण्यांची वाटणी तरी जगात बरोबर झालेली आहे. आणि छोटी? आता चालत असेल. पहिलं पाऊल कुठल्या पायाने टाकलं, उजव्या की डाव्या? कुणी पाहिलं नसणार. तुमच्या घरात सगळे तोंडाकडे बघतात.

माझं ठणठणीत. डावा पाय थंडीत कुरकुरतो, पण तो जन्मापासून कुरकुरतोय. आपण उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिलो याचा राग त्याने अजून सोडलेला नाही.

फोन केला असता. पण फोनवर तू म्हणतेस "मीटिंगमध्ये आहे", मी म्हणते "बरं बरं", आणि दोघी खोटं बोलून मोकळ्या होतो. पत्राचं बरं असतं. कोपऱ्यात पडून राहतं, तोंड फुगवत नाही.

बातमी अशी की तुझा सिनेमा माझ्याकडे आलाय. तुला हे कुणी सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. निर्मातीणबाईंचा फोन आला, "मावशी, भयपट आहे, पावलं तुमचीच हवीत." कुणाचा भयपट ते त्या बोलल्या नाहीत. पहिल्या शॉटच्या आधी पाटी धरतात ना, तिच्यावर तुझं नाव वाचलं. शाळा चौथीत सुटल्यावर पुढचं वाचन मी पडद्यावरच्या नावांवरून शिकले, त्यामुळे एका जागी उभ्या अक्षरांपेक्षा वर सरकणारी अक्षरं मला लवकर लागतात. तुझं नाव सरकत नव्हतं. तरी लगेच लागलं.

जावईबापूंना माझं काम अजून कळलेलं नाही, त्यांना हे वाचून दाखव. शूटिंगच्या वेळी पावलांचे आवाज नीट पकडले जात नाहीत. म्हणून नंतर स्टुडिओत मुका सिनेमा पडद्यावर चालवतात, आणि पडद्यावरचं माणूस जसं चालेल तशी मी खाली चालते. माझ्यापुढे जमिनीत चौकोनी खळगे आहेत, एकात फरशी, एकात लाकूड, एकात खडी, एकात वाळू. शेजारी पोतंभर चपला-बूट. मी चालते आणि कानसेन काचेपलीकडे यंत्रापाशी बसून ते पकडतो. कानसेनला तू ओळखतेस. लहानपणी त्याच्या टकलावर बोटांनी ठेका धरायचीस. आता जागा आणखी ऐसपैस झाली आहे.

बाईंचं सांगणं थोडक्यात असं: नायिका सरळ चालीने, भूत मावशींच्या खास चालीने. खास चाल म्हणजे माझी स्वतःची. खट, मग सर्र. खट, मग सर्र. आमच्याकडे पहिल्यापासून हेच चालत आलंय. नायिकेसाठी मी डाव्या टाचेखाली लाकडाची चकती बांधते आणि श्वास रोखून सरळ चालते. भूत आलं की चकती सोडते आणि मोकळी चालते. कानसेन म्हणतो, "बाई, तुम्हाला आराम फक्त मेल्यावर."

आज एक गंमत झाली. तुझी नायिका रिकाम्या वसतिगृहाच्या लांब व्हरांड्यातून जाते आणि मध्येच थांबते. मीही थांबले. माझ्यानंतर एक पाऊल पडलं. हलकं, सरळ, टाचेचं. "पुन्हा घेऊ," म्हटलं. पुन्हा तेच. कानसेन म्हणाला, "भिंतीवरून परत आलं असेल." त्या भिंतींना हातभर जाड कापूस लावलाय, चिमणे. त्यातून खोकलासुद्धा परत येत नाही.

मी रागावलेली नाही, हे लिहायचं राहिलं. तूही नसशील तर कळव.

तुझी मावशी


११ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, मी बोलकी आहे, दोघींचं बोलेन.

त्या कार्यक्रमाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. काढते. जुन्या भयपटांवर तू बोललीस ते छान बोललीस. भयपटात आधी मरते ती मोठ्याने हसणारी, मग मरते ती उलट उत्तर देणारी, आणि शेवटी उरते ती सांगितलेलं ऐकणारी, असं तू म्हणालीस तेव्हा मी मागच्या रांगेत मान हलवत होते. हलवणारच. त्या सगळ्यांच्या पायांत मीच होते. मरणारीच्याही आणि उरणारीच्याही.

मग सूत्रसंचालकाने मला वर बोलावलं. "ज्यांच्या पावलांनी आपली झोप उडवली त्या मावशी! मावशी, जरा चालून दाखवा." मी चालले. लोक आनंदाने किंचाळले, टाळ्या पडल्या. तू स्टेजवर लाल झालीस.

घरी येऊन म्हणालीस, "का चाललीस?"

"बोलावलं म्हणून."

"ते हसत होते, मावशी."

"टाळ्या पण वाजवत होते."

"जन्मभर त्यांनी तुझ्या पायाचं भूत केलं आणि तू त्यांना चहा पाजलास!"

मी म्हणाले, "पाय माझा आहे. त्याचं दुःख तू भाड्याने घेऊ नकोस." मग तू जिना उतरलीस. रागात टाचा आपटतेस, लहानपणापासून. शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत होते. दीड वर्ष झालं.

पण तुला एक सांगायचं राहिलं होतं. आमच्या वेळी चहाच्या सुट्टीत भुतांचा वेगळा कंपू असायचा. त्यात घोगरी होती. जन्माने मुलगा, मनाने आणि राहणीने बाई. तिच्या आवाजाला फक्त चेटकिणीचं काम मिळायचं. एकदा तिने पडद्यावरच्या आईसाठी अंगाईच्या दोन ओळी मागून पाहिल्या, तर म्हणाले, पोरं झोपायची नाहीत, पळून जातील. सावळी होती. ती प्रत्येक सिनेमात झपाटलेली मोलकरीण. ती म्हणायची, "गोरी झपाटली की तिला बरं करतात, सावळी झपाटली की तिला जाळतात," आणि चहात बिस्कीट बुडवायची. आम्ही पोट धरून हसायचो. ते हसू खरं होतं, चिमणे. तेवढं तू ऐकून घेतलं नाहीस.

आता दुसरं. परवा दुपारी जिन्यावर पावलं वाजली. टाचेच्या चपला, एकसारखी, घाई नाही, दम लागलेला नाही. मला वाटलं तू. तुझी नव्हती, हे कानाला कळत होतं, पण माणसाला हवं तेच ऐकू येतं. पावलं दाराशी थांबली. मी उघडलं. कुणी नाही.

खाली वाकून पाहिलं तर शिंपीणबाई दारातच बसून शिवत होत्या. त्यांनीच विचारलं, "आली का हो पाहुणी?"

"कोण पाहुणी?"

"अहो, आत्ता वर गेली ती. भाची का? काय सुरेख चालते! नाहीतर तुम्ही. तुम्ही जिना चढायला लागलात की माझी सुई बोटात जाते."

"पाहिलीत तुम्ही?"

"मशीनवरून मान कोण वर करतंय! ऐकली."

मी दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. भर दुपारी. हसशील.

तुझी मावशी


१९ फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र अर्धवट टाकू नकोस. पहिली दोन टाकलीस तरी चालतील.

पाच-सहा दिवसांपूर्वी कानसेनने झालेलं काम तपासायला पडद्यावर लावलं. मी खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. आवाजच येईना. कानसेन वायरी हुडकत टेबलाखाली शिरला आणि वर मुका सिनेमा चालत राहिला. आयुष्यभर मी मुके सिनेमे पाहिले, पण चालता चालता. बसून, पाय न हलवता, हे पहिल्यांदाच.

चिमणे, तुझी नायिका लंगडते.

डावा खांदा आधी उतरतो, मग कंबर पायाला वर घेते, मग पाय मागून ओढत येतो. हे शिकवल्याशिवाय येत नाही, आणि ज्याने एखादीला लहानपणापासून मागून चालताना पाहिलंय त्यालाच शिकवता येतं. बाजारात तू माझ्या मागून चालायचीस, पिशवीचा एक बंद धरून. मला वाटायचं तू दुकानांकडे बघतेस.

एवढ्यात कानसेनला वायर सापडली. तोच शॉट, तोच व्हरांडा. माझी सरळ पावलं वाजायला लागली आणि डोळ्यांदेखत तिचं लंगडणं गेलं. पुसून टाकल्यासारखं. कानसेन टेबलाखालून डोकं काढून म्हणाला, "बाई, ही मघाशी वेगळी चालत होती का?" मी म्हटलं, आवाज बंद कर. लंगडली. म्हटलं, चालू कर. सरळ. डोळा कानाचं ऐकतो, हे मला माहीत होतं, त्यावर तर पोट भरलं. पण माझाच डोळा माझ्याच कानाने फसवावा? सरळ चालण्याची सवय इतकी मुरली की समोरची लंगडते आहे हे मला तिच्या पावलांवर पावलं ठेवूनही कळलं नाही.

बाईंना फोन लावला. त्या जराही दचकल्या नाहीत.

"म्हणून तर तुम्हाला घेतलं, मावशी. तुमच्याइतकं सफाईदार कुणी सरळ करत नाही. पोरीने हट्टाने तसं शूट केलंय. लोक नायिकेची कीव करत बसतील, मग घाबरणार कुणाला? लंगडणं भुताला शोभतं."

"आणि दिग्दर्शिकेला काय सांगणार?"

"एकदा आवाज बसला की तिलाही दिसणार नाही. तुम्हाला दिसलं?"

मी फोन ठेवला. पुरुषाचं पाऊल पुढे पडतं आणि बाईचं वाकडं, ही आपल्याच भाषेची गंमत आहे. तिचं पडलेलं पाऊल कुणीतरी सरळ करून ठेवायचं, आणि ते काम माझ्याकडे.

मी काम थांबवलंय. पण माझ्या थांबण्याने काही थांबणार नाही. मी नाही म्हटलं तर दुसरी कुणी सरळ करेल, आणि वाईट करेल. काय करायचं ते तू सांग. आणि हेही सांग, तुझ्या सिनेमात भूत कसं चालतं?

आता मागच्या पत्रात जिन्यावरच्या पावलांची गोष्ट अर्धीच सांगितली, ती पुरी करते. ती सरळ चाल मी कुणाची उचलली, ठाऊक आहे? कुणाचीच नाही. काम नवीन होतं तेव्हा मी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून बायकांचे पाय बघायची. म्हटलं, एखादी सरळ चालणारी दिसली की तिची नक्कल करीन. एकही दिसली नाही. एकीचं पोट पुढे, एकीच्या हातात जड पिशवी, एकीला चप्पल चावलेली, एक कुणाला तरी टाळत भिंतीच्या कडेने चाललेली. मग मी त्या सगळ्यांमधून ओझं काढलं, पोट काढलं, भीती काढली, दमणं काढलं. सगळं काढल्यावर जे उरलं ते चालायला लागलं. ऐकायला फार गोड. पण आत कुणी नाही.

इतकी वर्षं मी तिला अंग देत आले. एक नायिका मेली की दुसरी. या आठवड्यात काम बंद आहे, तिला चालायला अंग नाही. रोज दुपारी ती जिन्यावर असते. येते, दाराशी थांबते. खाली जाताना मात्र ऐकू येत नाही.

उत्तर दे गं.

मावशी


४ मार्च

चिमणे,

तुझं पत्र आलं. अक्षर तसंच, चुरगळलेलं. इतक्यांदा वाचलं की चहा उतू गेला आणि पातेलं जळलं.

"मावशी, माझ्या सिनेमात भूतच नाही," असं तू लिहिलंस. "वसतिगृह रिकामं झाल्यावर राखणीला राहिलेली ती एकटी बाई आहे. खालच्या रस्त्यावरची माणसं तिची पावलं ऐकतात आणि म्हणतात, वर काहीतरी आहे. शेवटी काठ्या घेऊन वर येतात. एवढीच गोष्ट. भाड्याने नाही घेतलं. पण आधी तुला विचारायला हवं होतं."

मला वाटत होतं तू माझ्या पायाची लाज घेऊन गेलीस. तू तर पायच घेऊन गेलीस आणि त्याला नायिका केलंस.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. नायिकेला सरळ पावलं द्यायची आणि वरच्या मजल्यावर भुताची म्हणून माझी लंगडी पावलं घालायची, हा बाईंचा बेत. तो झाला असता तर काय झालं असतं, बघ. काठ्या घेऊन आलेली माणसं खरी ठरली असती! वर खरंच काहीतरी होतं, आणि ते लंगडत होतं. तुझ्या एका शॉटला हात न लावता त्यांनी तुझी गोष्ट उलटी केली असती, आणि माझ्याच पायांनी.

तू बाईंना फोनवर काय बोललीस ते मला माहीत नाही, पण सोमवारी त्या स्वतः स्टुडिओत आल्या. गॉगल डोक्यावर, ओठ घट्ट.

"मावशी, तुमची भाची म्हणते सिनेमावरून नाव काढून घेईन."

"तिची आईही अशीच होती. लग्नात बोहल्यावरून उठत होती."

"हसू नका. लोक हसले तर मी सांगणार, मावशींचं काम."

"सांगा की. घाबरले तरी माझंच नाव सांगा."

त्या हसल्या नाहीत, पण बसल्या. म्हणाल्या, "एकच रीळ करून दाखवा. नाही जमलं तर माझ्या पद्धतीने." बाई दुष्ट नाहीत, चिमणे. त्यांनाही वर कुणीतरी विचारणारं असणार.

मी चकती सोडली. नायिकेसाठी पहिल्यांदा. व्हरांडा लागला, तिचा खांदा उतरला, माझा उतरला. खट, सर्र. कुणाला घाबरवायचं नव्हतं, कुणाला फसवायचं नव्हतं. पाय जिथे पडेल तिथे पडू द्यायचा. एवढं सोपं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. ती थांबली, मी थांबले. या वेळी माझ्यानंतर काही वाजलं नाही. बरं वाटलं.

कानसेनने ऐकवलं. खट, सर्र, खट, सर्र. आणि त्याच्या मागून, दोन-तीन पावलांचं अंतर ठेवून, टाचेची सरळ, एकसारखी पावलं. ती थांबते तेव्हा मागचीही थांबतात. ती निघते तेव्हा निघतात.

कानसेनचा चेहरा उतरला. "बाई, आत तुम्ही दोघी होतात का?"

"तू काचेतून बघत होतास ना?"

"म्हणून तर विचारतोय."

त्याने ती पावलं काढून टाकायचा प्रयत्न केला. यंत्राच्या पडद्यावर आवाजाची रेघ उमटते ना, तिच्यात माझी पावलं दिसत होती, काठ्या रोवल्यासारखी. मागच्या पावलांची रेघच नव्हती. ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. जे दिसत नाही ते कापायचं कुठून?

एवढ्यात बाई उठून उभ्या राहिल्या. दंडावर काटा आलेला मला लांबून दिसला. "मावशी, हे काय केलंत! मला खरंच भीती वाटली. हे असंच ठेवा. मग नायिका लंगडली तरी माझं काही म्हणणं नाही."

ती पावलं माझी नाहीत म्हटलं असतं तर सगळंच पुसलं गेलं असतं. तुझ्या बाईचं लंगडणं राहिलं, चिमणे. पण ते कुणाच्या भरवशावर राहिलं ते तुला ठाऊक असावं. तुझ्या सिनेमात भूत नव्हतं. आता आहे, आणि ते सरळ चालतं. ठेवायचं की नाही ते तू ठरव. सगळी रिळं केली, सगळ्यांत ती आहे.

ताईला हे सांगू नकोस. तिला झोप लागत नाही.

मावशी


१४ मार्च

चिमणे,

तुझं दुसरं पत्र काल मिळालं. छोटीने उजवं पाऊल आधी टाकलं हे जावईबापूंनी पाहून ठेवलं होतं, हे वाचून त्यांच्याबद्दलचं माझं मत बदललं. माणूस कामाचा आहे.

पावलांबद्दल तू लिहिलंस, "काढू नकोस. सरळ चालणारी प्रत्येकीच्या मागे असतेच. आपण कशा चालायला हव्या होतो ते सांगत." शहाणपणाचं आहे, आणि सिनेमाला शोभेल. लोक ऐकतील आणि घरी जाताना आपल्याच मागे वळून बघतील. कानसेनलाही पटलं. पण चिमणे, मी इथे एकटी असते, आणि शहाणपणाला कडी लावता येत नाही.

गेले काही दिवस जिना गप्प होता. मला वाटलं, झालं, तिला तुझ्या सिनेमात जागा मिळाली, गेली तिकडे. काल भाजी घेऊन आले. खाली शिंपीणबाईंनी चक्क मशीन थांबवलं आणि मान वर केली.

"अगंबाई! तुम्ही खालून कशा?"

"बाजारातून. का?"

"मघाशीच वर गेलात ना? हे बघा, सुई बोटात गेली. म्हटलं, आल्या मावशी."

त्यांनी बोट दाखवलं. रक्ताचा थेंब ताजा होता.

"सरळ पावलं होती का, शिंपीणबाई? मागे आली होती तशी?"

"छे हो. ती तुमची भाची कशी ठुमकत जाते. ही तुमचीच. खट, मग ओढलेलं. तुमचा पाय मी ओळखत नाही का इतक्या वर्षांनी?"

मी पिशवी हातात धरून पायरीवर बसले. वर जावं की नाही ते कळेना. शिंपीणबाई म्हणाल्या, चक्कर आली का, पाणी देऊ का. मी म्हटलं, द्या. पाणी पिताना वरच्या मजल्यावर, माझ्याच घरात, कुणीतरी खिडकीपासून दारापर्यंत आलं. खट, सर्र. खट, सर्र. दाराशी थांबलं. शिंपीणबाई वर बघून म्हणाल्या, "बाहेर जाताना रेडिओ बंद करत जा हो."

मग मी चढले. भीती होती, पण घर माझं आहे. कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नाही. फक्त काम संपल्यावर घरी आणलेल्या पोत्यातल्या टाचेच्या चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या. तिला आता त्यांची गरज उरली नाही, असं मला वाटलं. सरळ राहायला तिच्याकडे कारणच उरलं नाही ना. मी चकती सोडली, तुझ्या नायिकेनेही सरळ चाल नाकारली. बिचारी एक चाल तेवढी शिकली होती, ती कुणाला नको. मग दुसरी शिकते आहे. आणि शिकायला तिच्यापुढे मी एकटीच आहे.

मला तिचा राग येत नाही. मीच घडवलेली. पण खरं सांगते, काल संध्याकाळी घरात फिरताना मी मुद्दाम थोडी वेगळी चालले. पाय जरा जास्त ओढून. म्हटलं, निदान एवढं माझं राहू दे. मग लक्षात आलं की ऐकणारीने तेही ऐकलं असेल.

पुढच्या आठवड्यात तू छोटीला घेऊन येणार, हे वाचून मी आनंदले. ताईलाही आण, गुडघ्यांना धरून दोघी मिळून वर चढवू. ये. पण दोन गोष्टी माझ्या ऐक. आलीस की दाराबाहेरून हाक मार, तुझ्या आवाजात. काहीही बोल, जुनं भांडण उकरलंस तरी चालेल. नुसत्या पावलांवर मी आता दार उघडत नाही. आणि आतून माझी पावलं दारापर्यंत येताना ऐकू आली तरी मी तोंडाने "ओ" देईपर्यंत छोटीला पायरीवरच धर. नव्याने पाय फुटलेत, तिला दाराकडे धावायची घाई होईल. धर तिला.

कुठल्या दिवशी येतेस ते आधी लिही, आणि लवकर लिही, तुझ्या त्या चुरगळलेल्या अक्षरात. माझं चालणं तिला आलं. अक्षर अजून आलेलं नाही.

तुझी मावशी